सोरायसिस किती गंभीर, हे कोणी ठरवायचे?

शनिशिंगणापूरला बाहेरगावची माणसे दर्शनाला येतात आणि जाताना कडी-कुलूप नसलेली घरे पाहून जातात. २०११ साली युको बँकेने इथे कुलूप न लावणारी शाखा उघडली, तेव्हा दूरदूरच्या वर्तमानपत्रांत तिची बातमी आली होती. आम्हा नेवासा तालुक्यातल्या लोकांना त्याचे आता अप्रूप राहिलेले नाही. मला मात्र या गावच्या शिवारातले एक घर निराळ्याच कारणाने आठवते. घर उघडे, येणाऱ्या-जाणाऱ्याला मज्जाव नाही, आणि घरातली बाई मात्र चार वर्षे आपले दोन्ही हात ओढणीखाली झाकून बसलेली.

ती माझ्या एका विद्यार्थिनीची आई. नवरा शिर्डी ते शिंगणापूर भाविकांची गाडी चालवतो, ही घरी शिवणकाम करते. पालकसभेच्या दिवशी प्रगतिपुस्तकावर सही करायची वेळ आली, तेव्हा तिने पेन हातात घेतले नाही. मुलीलाच म्हणाली, "तू कर." मला वाटले, लिहिता येत नसेल. सगळे गेल्यावर ती थांबली आणि तिने हात पुढे केले. दोन्ही तळव्यांची कातडी जाड झालेली, त्यावर पांढरट खपल्या, बोटांच्या पेरांवर भेगा आणि भेगांत रक्त. "बाजी, पेन तुमचे होते म्हणून घेतले नाही," ती म्हणाली. "लोकांना किळस येते."

आजाराचे नाव तिला माहीत होते. नगरच्या एका त्वचारोगतज्ज्ञांनी सोरायसिस असल्याचे सांगून मलम दिले होते. केसपेपरवर आजाराच्या नावापुढे 'माइल्ड', म्हणजे सौम्य, असा शेरा होता. त्या एका शब्दाने घरात निकाल लागला होता. सासू म्हणे, डॉक्टरच सौम्य म्हणतात, मग भाकरी थापायला काय होते? नवरा म्हणे, सौम्य आजारासाठी पुन्हा नगरची खेप कशाला? हळूहळू तिलाही वाटू लागले की आपणच सहन करायला कमी पडतो.

डॉक्टर खोटे बोलले नव्हते आणि तीही खोटे बोलत नव्हती. एकच आजार दोघे दोन वेगवेगळ्या पट्ट्यांनी मोजत होते. या दोन पट्ट्या कोणत्या, त्या कशा चालतात आणि दोन्हींची गरज का आहे, हे आपल्या घराघरांत माहीत असायला हवे, म्हणून हा लेख.

आधी आजार समजून घेऊ

सोरायसिसला उर्दूत 'चंबल' म्हणतात. अरबीतले नाव 'सदफिया', म्हणजे 'सदफ' किंवा शिंपला या शब्दावरून आलेले, कारण खपल्या शिंपल्यासारख्या चमकतात. मराठीत याला स्वतःचे रुळलेले नाव नाही, म्हणून लोक त्याला कधी इसब म्हणतात, कधी नायटा, कधी गजकर्ण. नाव चुकले की औषधही चुकते. नायट्याचे मलम सोरायसिसवर चालत नाही. औषधाच्या दुकानातून स्वतःच्या मनाने आणलेल्या अनेक मलमांत स्टेरॉइड असते, त्याने चार दिवस बरे वाटते आणि नंतर आजार उसळतो. २०१८ साली सरकारने अशी स्टेरॉइडची मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली ती उगाच नाही.

निरोगी कातडीचा वरचा थर साधारण महिनाभरात नवा होतो. सोरायसिसमध्ये शरीराची संरक्षण यंत्रणा चुकून स्वतःच्याच कातडीला चेतवते आणि महिन्याचे हे काम तीन ते पाच दिवसांत उरकले जाते. जुन्या पेशी गळून जायला वेळच मिळत नाही, त्या एकावर एक साठतात. त्यालाच आपण खपली म्हणतो. म्हणजे हा जंतूंचा आजार नाही. तो स्पर्शाने पसरत नाही, एका ताटात जेवल्याने पसरत नाही, वुजूच्या एकाच लोट्याने पसरत नाही, मुसाफहा केल्याने पसरत नाही. तो रक्त खराब झाल्याने होत नाही आणि कोणाच्या नजरेने तर मुळीच होत नाही.

पूर्वी मात्र युरोपातसुद्धा सोरायसिसच्या रुग्णांना कुष्ठरोगी समजत असत. १८०८ साली लंडनच्या रॉबर्ट विलन यांनी या आजाराचे नीट वर्णन केले आणि १८४१ साली व्हिएन्नाच्या फर्डिनंड हेब्रा यांनी तो कुष्ठरोगापासून पूर्णपणे वेगळा काढला. विज्ञानाने हे दोन्ही आजार वेगळे करून पावणेदोनशे वर्षे उलटली. दावतीत एखाद्या बाईसमोरचा ग्लास बाजूला सरकवणाऱ्या हातांना ते अजून कळायचे आहे.

डॉक्टरांची पट्टी

आजार किती आहे हे डॉक्टर डोळ्यांनी आणि बोटांनी मोजतात. सर्वांत साधी रीत म्हणजे शरीराचा किती भाग व्यापला ते पाहणे. रुग्णाचा स्वतःचा बोटांसकट तळहात म्हणजे त्याच्या शरीराच्या पृष्ठभागाचा साधारण एक टक्का. असे किती तळहात भरतील एवढे चट्टे आहेत, ते मोजायचे.

दुसरी रीत जास्त बारीक आहे. तिला इंग्रजी आद्याक्षरांवरून 'पासी' म्हणतात. १९७८ साली स्वीडनच्या फ्रेड्रिक्सन आणि पेटरसन या दोघांनी एका नव्या औषधाचा परिणाम तपासताना ती तयार केली. शरीराचे चार भाग करायचे: डोके, हात, धड आणि पाय. प्रत्येक भागात चट्ट्यांची लाली, जाडी आणि खपली यांना ० ते ४ गुण द्यायचे. त्या भागाचा किती हिस्सा व्यापला आहे, त्याला ० ते ६ गुण. मग डोक्याला १० टक्के, हातांना २०, धडाला ३० आणि पायांना ४० टक्के वजन देऊन बेरीज करायची. एकूण गुण ० ते ७२. आज जगभर नव्या औषधाची परीक्षा याच पट्टीने होते.

पट्टी चांगली आहे. दोन डॉक्टर, दोन देश, दोन महिने यांची तुलना तिच्यामुळे करता येते. पण शिक्षिका म्हणून मला एवढे ठाऊक आहे की गुणपत्रिकेत जो विषयच नाही, त्यात मूल कितीही हुशार असले तरी त्याला गुण मिळत नाहीत. या पट्टीत खाजेचा रकाना नाही. वेदनेचा नाही. झोपेचा नाही. चट्टा पाठीवर आहे की तळहातावर, याचाही नाही.

आमच्या भगिनीचाच हिशोब करून पाहा. दोन्ही तळहात पूर्ण व्यापलेले, म्हणजे अंगाचे फार तर दोन टक्के. हातांच्या एकूण भागाचा तो दहावा हिस्सा, म्हणून व्याप्तीला २ गुण. आता लाली, जाडी आणि खपली या तिन्हींना वरचे ४-४ गुण दिले तरी बारा. बारा गुणिले दोन, त्याचे वीस टक्के. उत्तर येते ४.८. म्हणजे तळहात याहून वाईट होऊच शकत नाहीत अशी अवस्था आली, तरी ७२ पैकी पाचाच्या वर गुण जाणार नाहीत. पाच म्हणजे सौम्य. त्या डॉक्टरांनी लिहिलेला शेरा त्या पट्टीवर बरोबरच होता.

पण कात्री धरता येत नाही, सुई टोचल्याचे कळत नाही, कापडाचे धागे भेगांत अडकतात, पिठात मीठ कालवताना डोळ्यांत पाणी येते. या गोष्टी कोणत्या रकान्यात लिहायच्या?

रुग्णाची पट्टी

हा प्रश्न त्वचारोगतज्ज्ञांनाही पडला होता. १९९४ साली ब्रिटनमधल्या कार्डिफ शहरात ॲन्ड्र्यू फिन्ले आणि जी. के. खान या दोघांनी एक छोटी प्रश्नावली प्रसिद्ध केली. तिला 'डीएलक्यूआय' म्हणतात. त्वचेच्या आजाराने जगण्यावर किती परिणाम झाला, हे तिच्यातून मोजतात. फक्त दहा प्रश्न, तेही गेल्या एका आठवड्याबद्दल. खाज, आग किंवा दुखणे किती होते? लाज वाटली का? बाजारहाट, घरकाम यांत अडचण आली का? कपडे निवडताना विचार करावा लागला का? लोकांत जाणे-येणे, खेळ, नोकरी किंवा शिक्षण, जवळच्या माणसांशी संबंध, पती-पत्नीचे नाते यांवर परिणाम झाला का? आणि शेवटी, औषधोपचारानेच घरात किती पसारा आणि वेळेचा खर्च झाला? प्रत्येक उत्तराला ० ते ३ गुण, एकूण ३०. १० पर्यंत परिणाम मध्यम, ११ ते २० म्हणजे फार मोठा परिणाम, त्याच्या वर म्हणजे अतोनात.

ही प्रश्नावली आज शंभराहून अधिक भाषांत गेली आहे. मुलांसाठी वेगळी प्रश्नावली आहे.

२०१२ साली उत्तर अमेरिका आणि युरोपात रुग्णांना आणि डॉक्टरांना एकच प्रश्न विचारला गेला: आजार गंभीर कशामुळे ठरतो? रुग्णांनी पहिले स्थान खाजेला दिले. त्वचारोगतज्ज्ञांनी दिले चट्ट्यांच्या जागेला आणि आकाराला. आपल्या शिंगणापूरच्या घरात जे घडले, ते तिकडच्या प्रगत देशांतही घडत होते, एवढाच याचा अर्थ.

मग दोन पट्ट्यांचा मेळ कसा घालायचा? फिन्ले यांनीच २००५ साली एक सोपा नियम सुचवला, दहाचा नियम. अंगाचा दहा टक्क्यांहून अधिक भाग व्यापला असेल, किंवा पासी दहाच्या वर असेल, किंवा रुग्णाच्या प्रश्नावलीचे गुण दहाच्या वर असतील, तर आजार गंभीर समजावा. यातला 'किंवा' हा शब्द महत्त्वाचा आहे. पुढे २०११ साली युरोपातल्या तज्ज्ञांनी एकत्र बसून ठरवले की चेहरा, डोक्याचा मोठा भाग, तळहात, तळपाय, नखे, गुप्तांग अशा जागी आजार असेल किंवा खाज अनावर असेल, तर आकडा लहान असला तरी आजार वरच्या वर्गात धरावा. उपचाराला यश आले की नाही, हे ठरवतानाही त्यांनी रुग्णाला विचारले. पासीमध्ये पाऊण हिस्सा सुधारणा झाली तर यश, निम्म्याहून कमी झाली तर औषध बदला, आणि मधल्या पट्ट्यात असेल तर रुग्णाच्या प्रश्नावलीचे गुण पाहून ठरवा.

दहा प्रश्नांची दुपार

मी तिच्यासोबत दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले. घोडेगाववरून नगरची एसटी, तिथून रुग्णालयाची रांग. डॉक्टर बाई होत्या. त्यांनी हात पाहिले, कोपर, गुडघे, डोके, नखे पाहिली. मग खुर्ची जवळ ओढून एकेक प्रश्न विचारू लागल्या. पहिल्या प्रश्नाला ती म्हणाली, "थोडी खाज येते." मी काही बोलले नाही. डॉक्टर बाईंनी विचारले, "रात्री किती वेळा उठता?" ती म्हणाली, "तीन-चार वेळा. मोरीत जाऊन थंड पाण्यात हात धरते." डॉक्टर म्हणाल्या, "मग ही थोडी नाही."

असेच पुढे चालले. काम? महिनाभर एकही ब्लाऊज शिवला नव्हता. नातेवाईक? पुतणीच्या निकाहात ती स्वयंपाकघरापासून लांब बसून होती. पती-पत्नीविषयीच्या प्रश्नाला तिने खाली मान घालून हळू आवाजात उत्तर दिले. शेवटी बेरीज झाली १७. कागदावरचा 'सौम्य' तिथेच खोडला गेला.

उपचार बदलला. मलमासोबत मेथोट्रेक्सेटच्या गोळ्या सुरू झाल्या. या गोळीबद्दल एक गोष्ट प्रत्येक घराने लक्षात ठेवावी. सोरायसिससाठी ती आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी घ्यायची असते. चुकून रोज घेतली तर जिवावर बेतू शकते. रक्ताच्या तपासण्या वेळच्या वेळी कराव्या लागतात आणि गरोदरपणात ती मुळीच चालत नाही. आमच्या भगिनीने जुम्याचा दिवस ठरवला आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर प्रत्येक जुम्याला खूण केली.

जे रुग्णाला दिसत नाही

इथवर वाचून कोणी म्हणेल, मग डॉक्टरांच्या पट्टीची गरजच काय, रुग्णाला विचारले की झाले. तसेही नाही. ओळखीच्या एका चाचांची गोष्ट सांगते. कांद्याची शेती, वय साठीच्या पुढे. पाठ, पोट, पाय, सगळीकडे मोठमोठे चट्टे. त्यांना विचारा, तर म्हणतात, "काही त्रास नाही, तीस वर्षे झाली, सवय झाली." दहा प्रश्नांत त्यांचे गुण तीन-चारच्या वर जाणार नाहीत.

त्यांची नखे डॉक्टरांनी पाहिली. नखांवर सुईने टोचल्यासारखे बारीक खड्डे होते. मग विचारले, टाच दुखते का? सकाळी बोटे आखडतात का? चाचा म्हणाले, "ते तर वयाचे दुखणे." ते वयाचे नव्हते. सोरायसिसच्या साधारण पाचातल्या एका रुग्णाला सांध्यांचा आजार होतो आणि वेळीच ओळखला नाही, तर सांधे कायमचे वाकडे होतात. एखादा सांधा सुजणे, टाच दुखणे, नखांवर खड्डे पडणे, एखादे बोट मुळापासून टोकापर्यंत सुजणे, ही त्याची लक्षणे. नमाजमध्ये कायद्यात बसताना टाच आणि घोटा दुखू लागला, तर वय झाले म्हणून सोडून देऊ नका, डॉक्टरांना सांगा. मोठ्या प्रमाणातल्या सोरायसिससोबत मधुमेह, रक्तदाब आणि हृदयविकाराचा धोकाही वाढतो, म्हणून तेही तपासून घ्यावे लागते. आणि जवळजवळ सगळे अंग लाल होऊन थंडी वाजू लागली किंवा अंगभर पुवाच्या पुटकुळ्या आल्या, तर ती तातडीची वेळ आहे, त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

ऊसतोड किंवा शेतीकाम करणाऱ्यांसाठी आणखी एक सूचना. या आजारात जिथे कातडीला जखम होते, तिथे नवा चट्टा उठू शकतो. उसाच्या पात्याने कापले, बुटाने घासले, नखाने खाजवले, की त्याच रेषेवर आजार उमटतो. त्यामुळे पूर्ण बाह्यांचा सदरा आणि कापलेली नखे हाही औषधाचाच भाग समजावा.

म्हणजे रुग्णाला जे सोसावे लागते ते डॉक्टरांना दिसत नाही, आणि डॉक्टरांना जे दिसते ते रुग्णाला कळत नाही. दोघे बोलले तरच आजार पुरा मोजला जातो.

झाकलेला आजार

आपल्या घरातल्या स्त्रियांच्या बाबतीत आणखी एक अडचण येते. दहा प्रश्नांत 'लागू नाही' असे उत्तर दिले, की शून्य गुण मिळतात. कपड्यांचा प्रश्न घ्या. जी बाई पूर्ण बाह्या आणि बुरखा वापरते, ती म्हणणार, कपड्यांवर काही परिणाम नाही. खेळाचा प्रश्न तर आलाच नाही. नोकरी करत नाही, म्हणून कामाच्या प्रश्नावरही ती 'लागू नाही' म्हणते, दिवसभर घरात राबत असली तरी. तिचे गुण कमी भरतात ते आजार कमी म्हणून नव्हे, प्रश्न तिच्या जगण्याला लागत नाही म्हणून. तेव्हा डॉक्टरांना आपल्या भाषेत सांगा: भाकरी थापता येत नाही, वुजूचे पाणी भेगांत झोंबते, मशिदीत किंवा इज्तिमात शेजारी बसायला संकोच वाटतो, मुलीच्या रिश्त्यासाठी पाहुणे येतात तेव्हा मी आतल्या खोलीत बसते.

दुसरी अडचण रंगाची. पासीची पट्टी गोऱ्या कातडीच्या देशात तयार झाली. आपल्या सावळ्या रंगावर चट्टा लाल न दिसता जांभळट, करडा किंवा तपकिरी दिसतो, आणि लालीला गुण कमी पडू शकतात. चट्टा बरा झाल्यावर मागे काळा डाग राहतो तो मात्र आजार नसतो, तरी रुग्णाला तो आजाराइतकाच सलतो.

तिसरी अडचण तेलाची. डॉक्टरांकडे जायचे म्हणून आपण सकाळी उठून चट्ट्यांना खोबरेल चोपडतो. तेलाने खपली मऊ होते, दबते, आणि जे मोजायचे तेच झाकले जाते. एरवी तेल आणि मलम जरूर लावा, फक्त तपासणीच्या सकाळी लावू नका.

आणि रिश्त्याचा विषय निघालाच आहे, तर एवढे सांगते: या आजारात घराण्याचा थोडा वाटा असतो हे खरे, पण आईला किंवा वडिलांना असला तरी बहुतेक मुलांना तो होत नाही. मुलीच्या आईचे हात पाहून रिश्ता मोडणे हे ना शास्त्राला धरून आहे, ना दीनला.

सब्र म्हणजे गप्प बसणे नव्हे

आमच्या भागात लांबलेल्या दुखण्याला शेजारीपाजारी साडेसाती म्हणतात. आपल्या घरांत नजर, करणी किंवा आसेब म्हणतात. शब्द वेगळे, परिणाम एकच: उपचाराला उशीर. आणि ज्यांना काही सांगायचे नसते ते म्हणतात, सब्र कर.

सब्र ही मोठी गोष्ट आहे. पण हजरत अय्यूब (अलै.) यांच्या सब्रचा उल्लेख आपण नेहमी करतो, तेव्हा एक विसरतो. कुरआनच्या सूरह अंबियामध्ये ते आपल्या रबला हाक मारून आपले दुःख सांगतात, असा उल्लेख आहे. त्रास सांगितल्याने सब्र मोडत नाही.

दुसरी गोष्ट हदीसमधली. हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) आणि हजरत जुबैर (रजि.) या दोन सहाबींना अंगाला खाज सुटत असे. पुरुषांना रेशीम मना आहे. तरीही प्रेषित मुहम्मद (स.) यांनी या दोघांना खाजेमुळे रेशमी वस्त्र वापरण्याची सवलत दिली. हजरत अनस (रजि.) यांनी कथन केलेली ही हदीस बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. त्यांचा आजार कोणता होता, हा आपला विषय नाही. माझ्या मनात राहते ते एवढेच की खाज बाहेरून दिसत नाही, ती ज्याला असते त्यालाच कळते, आणि तरी ती एका मनाईत सवलत देण्याइतकी खरी मानली गेली. 'तुम्हाला वाटते तेवढे काही नाही' असे कोणी म्हटले नाही.

लाजेच्या जागी चट्टे असतील तर तेही सांगावे. अन्सारी स्त्रियांनी दीनच्या गोष्टी विचारताना लाज आड येऊ दिली नाही, याबद्दल हजरत आयेशा (रजि.) यांनी त्यांची प्रशंसा केली आहे. शरीर ही तर अल्लाहची अमानत. स्त्री डॉक्टर मागून घ्या, सोबत बहीण किंवा मुलगी न्या, पण लपवू नका. पाण्याने भेगा चिघळत असतील तर तयम्मुमची सवलत कधी आणि कशी, हे डॉक्टरांचा सल्ला सांगून जवळच्या आलिमांना विचारा.

डॉक्टरांकडे जाताना

एक छोटी वही करा. तिच्यात पुढच्या गोष्टी लिहून न्या.

१. गेल्या आठवड्यात खाज किती होती, ० ते १० मध्ये. किती रात्री झोप मोडली.

२. कोणती कामे करता आली नाहीत, किती दिवस.

३. चट्टे कुठे कुठे आहेत, झाकलेल्या जागांसकट. दर महिन्याला त्याच जागेचा, दिवसाच्या उजेडात काढलेला फोटो मोबाईलमध्ये ठेवा. हा आजार हिवाळ्यात बहुधा वाढतो, उन्हाळ्यात उतरतो. तपासणीच्या दिवशी तो नेमका शांत असला, तर फोटो बोलतो.

४. सांधे, टाच, कंबर दुखते का.

५. आजवर घेतलेली सगळी औषधे, हकीम किंवा वैदूची पूडसुद्धा. काही पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले असते. पोटात घेतलेले स्टेरॉइड एकदम थांबले, की सोरायसिस भयंकर उसळू शकतो.

६. बिडी, सिगारेट असेल तर तेही. धूम्रपानाने हा आजार वाढतो.

आणि निघताना दोन प्रश्न विचारा: आज माझा आकडा किती आहे? आणि हा आकडा फक्त माझ्या कातडीचा की माझ्या जगण्याचाही? उत्तर वहीत तारखेसह लिहा.

घरच्यांसाठी एकच प्रश्न पुरेसा आहे. 'अजून बरे झाले नाही का?' असे विचारू नका. 'काल रात्री झोप लागली का?' असे विचारा.

२०१४ साली जागतिक आरोग्य सभेने सोरायसिसवर खास ठराव केला, त्यात रुग्णांना समाजात सोसाव्या लागणाऱ्या अवहेलनेचाही उल्लेख आहे. दरवर्षी २९ ऑक्टोबर हा सोरायसिस दिन म्हणून पाळला जातो. ठराव जिनिव्हात झाला, पण अवहेलना थांबवायची आहे ती आपल्या दस्तरख्वानावर.

आमच्या भगिनीचा आजार संपलेला नाही. सोरायसिस आटोक्यात राहतो, कायमचा गेला असे डॉक्टर सहसा म्हणत नाहीत. तिचे तळवे अजून थोडे खरखरीत आहेत. पाच महिन्यांनी पुन्हा दहा प्रश्न विचारले, तेव्हा बेरीज आली ४. तिच्या सासूबाई या वेळी सोबत आल्या होत्या आणि बाहेर बाकावर बसून सुनेची वही धरून होत्या.

या वर्षीच्या पालकसभेत प्रगतिपुस्तक पुढे केले. तिने माझे पेन घेतले आणि उर्दूत, सावकाश, पूर्ण नाव लिहिले.